कोरी पुडी

चहा थोडा निवू द्या, पण हे ऐका. परवा असोद्याला अक्काकडे गेलो होतो. अक्काचे यजमान नाना मधुमेही आहेत. डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून ते महिनाभर कुणा फिरत्या वैदूची भुकटी घेत होते, आणि पायाची जखम चिघळत चालली होती.

"नाना, हिच्यात आहे तरी काय?" मी विचारले.

"जडीबुटी. ती कधी बाधत नाही, भाऊ."

तेवढ्यात एक विक्रेता केळीच्या फवारणीचे औषध घेऊन ओट्यावर आला. नानांनी बाटली फिरवून पाहिली.

"घटक लिहिलेले नाहीत, मुदत नाही. माझ्या बागेवर प्रयोग करतो का रे?" त्याला त्यांनी उभ्याउभ्या परत पाठवले.

मी भुकटीची कोरी पुडी त्यांच्यापुढे ठेवली. "देह देवाने दिलेला आहे, नाना. हिच्यावर काय लिहिले आहे?"

"भाऊ, बाग गेली तर अख्खं वर्ष वाया जातं."

अक्का दारातून म्हणाली, "यांना केळीच्या रांगेत उभं करा. म्हणजे तरी स्वतःची काळजी घेतील."

नाना मनापासून हसले, आणि भुकटी घ्यायला त्यांनी तिच्याकडेच कोमट पाणी मागितले.