राखीव आहे ना, मग काय!

हिरवी टिक आली नाही! एवढंच म्हणाल्या हो आमच्या तक्रार डेस्कवरच्या ताई. लिफ्ट बंद पडली की लोक ज्यांना फोन करून ओरडतात ना, त्या. तक्रार लिहिली, सेव्ह दाबलं, तर एरवी पटकन येणारी हिरवी टिक येईना, नुसतं गोल गोल फिरतंय! आता दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर तो 'बघतो' म्हणाला असता आणि आधी चहा संपवला असता. सांगितलं कुणाला? मला! तुम्हाला सांगते, पाठीमागे कुणी स्टेपलर दाबला तरी माझ्या हातातला माउस उडतो. खुर्ची जी मागे गेली ती थेट पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर! पण लगेच स्वतःला म्हटलं, घाबरतेस काय? राखीव आहे ना, मग काय!

राखीव म्हणजे… थांबा, आधी काका सांगायला हवेत. काका म्हणजे आमचे सर्व्हर सांभाळणारे, माझे साहेब, पण साहेब म्हटलं की ते स्वतःच मागे वळून बघतात, कोण आलं म्हणून. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते. तक्रारी, नकाशे, कुठला मेकॅनिक कुठे फिरतोय, सगळं एकाच सर्व्हरवर, आणि त्याची डिस्क अशी की जे ठेवाल ते आपोआप दाबून, लहान करून ठेवते. काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुझी आई थंडी संपली की रजया कशा बसवते कपाटात? गुडघा देऊन! तसंच हे. दहाच्या जागेत वीस." मी विचारलं, "आणि दार उघडल्यावर सगळं अंगावर आलं तर?" मग मी हेच रोज विचारायला लागले. जेवताना विचारलं, जिन्यात विचारलं, एकदा तर रविवारी सकाळी घरी फोन करून विचारलं, तर मागून काकूंचा आवाज, "कपाटवाली का?"

शेवटी काकांनी डिस्कवर एक भलीमोठी फाईल बनवून ठेवली. शंभर जीबी! नाव 'राखीव'. म्हणाले, "डिस्क भरली तर आधी ही पुसायची, आणि मग शांतपणे इकडेतिकडे बघायचं. आता जा, झोप." आणि खरं सांगते, त्या दिवसापासून मला अशी गाढ झोप लागायला लागली… आई दोनदा नाकापुढे बोट धरून बघून गेली!

तर हिरवी टिक आली नाही. डिस्क उघडून बघते तर काय, काठोकाठ! लाल! आणि काका कुठे? रजेवर! इतक्या वर्षांत पहिल्यांदा काकूंना घेऊन डोंगरात गेलेले! फोन लावला, तर ती बाई, किती गोड आवाजात हो, "आपण डायल केलेला क्रमांक सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे…" तिकडून ताई ओरडतायत, "अगं ए, दाताचे डॉक्टर अडकलेत लिफ्टमध्ये आणि वर खुर्चीत पेशंट तोंड उघडून बसलाय! कुठला मेकॅनिक पाठवू? काही दिसेना मला! तळहातावर लिहून घेतेय, आता मनगट आलं!" म्हटलं, ताई, कोपरापर्यंत जाऊ द्या, काळजी नको, राखीव आहे ना, मग काय!

आणि पुसली. डोळे घट्ट मिटून पुसली हो! उघडून बघते तर… डिस्क भरलेलीच. तसूभर जागा नाही! शंभर जीबी गेले कुठे? डिस्कची कालची नोंद काढली. नावापुढे शंभर जीबी, आणि डिस्कवर प्रत्यक्ष घेतलेली जागा? जवळजवळ काहीच नाही! का, तर आत नुसती शून्यं भरलेली! शून्यापुढे शून्य, शून्यापुढे शून्य… आणि आमची डिस्क दाबणारी! एकसारखी शून्यं दाबून उरणार काय, सांगा! हवा भरलेली पिशवी हो, गुडघा दिला की सपाट! म्हणजे वर्षभर मी हवेवर झोपले होते! आणि चुकलं कोण? काका! काका चुकले!

रडायचं ठरवलं होतं, पण ताईंचं कोपर जवळ येत होतं. म्हटलं, रडू मेकॅनिक सापडल्यावर. बघितलं इकडेतिकडे. तर प्रशिक्षणवाल्या सरांचा फोल्डर, हा एवढा फुगलेला! आत व्हिडिओ. विषय काय? 'लिफ्टमध्ये अडकल्यास शांत कसे राहावे'! धावत गेले. तर सर कॉलर नीट करत, "मॅडम, उलट मी जागा वाचवलीय! सगळे व्हिडिओ झिप करून ठेवलेत सकाळीच!" म्हटलं, आणि मूळ व्हिडिओ? "तेही ठेवलेत. असू दे म्हटलं." असू दे! अहो, व्हिडिओ म्हणजे स्टीलचा डबा, तो आधीच दाबलेला असतो, त्याला गुडघा दिला तर गुडघा फुटतो! यांनी तेच डबे झिपच्या पिशवीत घालून पुन्हा शेजारी ठेवलेले! "सर, पुसू का पिशवी?" सर जरा हिरमुसले, पण म्हणाले, पुसा.

पुसली. आणि ताई एवढ्या मोठ्यांदा "आली!" म्हणाल्या की मी परत दचकले. आली हिरवी टिक! मेकॅनिक गेला, डॉक्टर सुटले, पेशंटने तोंड मिटलं असावं. ताई हात धुवायला गेल्या, जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेल्या, शर्टावर निळी शाई अजून आहे, धुणार नाहीये मी.

आणि तेवढ्यात, मी आपली मधूनमधून फोन लावतच होते, ती बाई गप्प झाली आणि रिंग वाजली.

"बोल गं," काका. मागे नुसता वारा.

"काका, तुमची राखीव! आत शून्यं होती! डिस्क दाबते हे तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"हो."

"हो काय, काका!"

"पुसल्यावर इकडेतिकडे बघितलंस?"

"बघितलं."

"सापडलं?"

"सापडलं, पण…"

"मग झालं तर. अगं, डिस्कला कशाला हवी होती राखीव? तुला हवी होती."

संध्याकाळ होत आलेली, पुढे अख्खी रात्र, झोपायचं तर आहेच. म्हटलं, "काका, आल्यावर दुसरी बनवून द्या… रिकामी चालेल."