ह्यांचं बटण

दातांच्या दवाखान्यातल्या टीव्हीवर सुमोची कुस्ती रंगली होती. कोणत्या घरात टीव्हीवर कोण काय बघतं, याचा अभ्यास करणाऱ्या मिनागावांच्या शेजारी दोन म्हाताऱ्या मैत्रिणी बोलत होत्या.

"काझुए, तुझ्या टीव्हीला ते मोजणारं यंत्र लावलंय ना?"

"हळू बोल गं, सांगायचं नसतं कुणाला. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं बटण असतं. बघायला बसलं की दाबायचं."

"तुला एकटीला एक पुरे."

"सुमो लागलं की ह्यांचंही दाबते."

"अगं, त्यांना जाऊन वर्ष झालं."

"फोटो टीव्हीकडेच वळवून ठेवलाय. ह्यांचा तो लाडका पैलवान मेला रोज हरतो, पण ह्यांचं बघणं काही सुटत नाही."

"कळलं तर यंत्र काढून नेतील."

"नेऊ देत. तोवर कुणीतरी आमच्या घरात दोघं मोजतंय."