धनजला पितर म्हणून बसलेल्या दौलतरावांविषयी

जबाब
दिनांक २ मे २०२५

नाव रत्नमाला सुधाकर काळबांडे, वय ५४ वर्षे, व्यवसाय नोकरी, व्यवस्थापिका, मायपाखर वृद्धनिवास, राहणार वृद्धनिवासातील कर्मचारी खोली, धनज रस्ता, तालुका कारंजा लाड, जिल्हा वाशीम.

मी आज पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी आले आहे. मला कोणी पढवलेले नाही. विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मी मायपाखर वृद्धनिवास सुरू झाल्यापासून तिथे नोकरीस आहे. आधी स्वयंपाकाला होते, पुढे सर्वच माझ्या गळ्यात पडले. आमच्याकडे राहणारे दौलतराव ढोके, वय ७८, हे मूळचे धनजचे शेतकरी. त्यांचा मुलगा विकास पुण्यास नोकरी करतो. वडिलांना भ्रम झाला असून ते भटकत बाहेर गेले आणि वृद्धनिवासाने लक्ष ठेवले नाही, अशी त्याची तक्रार आहे. आमच्या संस्थेच्या सचिवांनीही दौलतरावांना भ्रम झाल्याचे पत्र दिले आहे. त्यावरून दौलतरावांना कालपासून देखरेख कक्षात ठेवले आहे. त्या खोलीचे दार आतून उघडत नाही. पोलिसांचा अहवाल आला की त्यांना तिथे कायम ठेवायचे की नाही ते ठरणार आहे. माझा जबाब तेवढ्यासाठीच आहे.

घडले ते अखजीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बुधवारी. साहेब आपण या भागातले नाहीत म्हणून आधी रीत सांगते. आमच्याकडे अखजीला घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने नवी घागर भरतात आणि त्याच्या जागी एखादा ओळखीचा वयस्कर माणूस जेवायला बोलावतात. त्याला पितर बसवणे म्हणतात. त्याचे पाय धुतात, कपाळी गंध लावतात, गेलेल्याला जे आवडायचे ते वाढतात. ताटावरून उठेपर्यंत तो माणूस म्हणजे गेलेला माणूसच. त्याला त्याच्या नावाने कोणी हाक मारत नाही आणि तोही आपले नाव घेत नाही.

पूर्वी अखजीला आमचे वृद्धनिवास निम्मे रिकामे होत असे. सकाळपासून फाटकापाशी मोटारसायकली आणि ऑटो लागत. धनजहून, आसपासच्या खेड्यांवरून लोक आमच्या म्हाताऱ्यांना मागायला येत. कोणाला उंच माणूस पाहिजे असे, कोणाला तंबाखू खाणारा. एकदा एका आजोबांना दोन घरांनी नेले, त्यांनी दोन्हीकडे आमरस आणि कुरडया रेटल्या आणि तीन दिवस मला त्रास दिला. जाताना प्रत्येक जण स्वयंपाकघराच्या दारात येऊन ‘येतो वं रत्ना’ म्हणून जाई. संध्याकाळी डोक्यावर नवी टोपी, खांद्यावर नवा रुमाल घालून परत येत आणि कोणाच्या घरी भजी जास्त चांगली झाली यावर भांडत बसत. ज्यांना स्वतःचे घर राहिले नव्हते त्यांची त्या दिवशी दहा घरे वाट पाहत. मला ते दिवस फार आठवतात. तेव्हा तपासणीत आमची श्रेणी ‘क’ होती आणि फाटक उघडे होते.

नवी यंत्रणा वाईट आहे असे मी म्हणत नाही. ती यावी म्हणून सभेत मीच हट्ट धरला होता. पूर्वी औषधांची अदलाबदल व्हायची, ती आता होत नाही. गोळी दिली की टॅबवर हिरवी खूण होते, राहिली तर टॅब ओरडत बसतो. रुपाबाई न्हाणीत पडल्या तेव्हा त्यांच्या मनगटावरच्या पट्ट्याने सांगितले म्हणून त्या आज आहेत. गेल्या तपासणीत समितीने आम्हाला ‘अ’ दिला तेव्हा मी सर्वांना शिरा करून घातला. मात्र ‘अ’ टिकवायचा तर नोंदीशिवाय एकही माणूस बाहेर जाता कामा नये, असा सचिवांचा हुकूम आला. तेव्हापासून फाटक टॅबवरून उघडते. कोणाला बाहेर जायचे असेल तर ओटीपी लागतो आणि तो घरच्या माणसाच्या मोबाइलवर जातो.

धनजचे गोपीचंद हे दौलतरावांचे बांधाला बांध लागून असलेले शेजारी. दोघांनी जन्मभर एकाच बैलगाडीतून कारंजाला कापूस नेला. गाडी गोपीचंद हाकत आणि दौलतराव मागे कापसावर झोपत, असे दौलतराव स्वतः सांगतात. गोपीचंद वारल्यापासून त्यांच्या पत्नी मोतीबाई दरवर्षी दौलतरावांनाच पितर बसवतात. दौलतरावांच्या पत्नी प्रयागबाई होत्या तोवर त्या आणि मोतीबाई मिळून त्या दिवशीचा स्वयंपाक करत. यंदाही मोतीबाईंचा मुलगा किशन मोटारसायकल घेऊन दौलतरावांना न्यायला आला. दौलतराव सकाळीच दाढी करून, धुतलेले धोतर नेसून व्हरांड्यात बसले होते. भ्रम झालेला माणूस अखजी कधी आहे ते लक्षात ठेवून दाढी करत नाही.

मी टॅबवर नोंद केली. ओटीपी विकासच्या मोबाइलवर गेला. उत्तर आले नाही. पुन्हा पाठवला, फोन लावला, तोही उचलला नाही. तो मीटिंगमध्ये होता असे आता समजते. किशन उन्हात उभा होता. दौलतराव काठी टेकत फाटकापाशी आले आणि मला म्हणाले, “रत्ना, पोराले इचारून मी आता जेवाले जाऊ काय?”

मला त्या बोलण्याची शरम वाटली. आग लागली तर ओटीपीशिवाय फाटक उघडावे म्हणून भिंतीवर लाल बटण आहे. ते मी दाबले. भोंगा वाजला, आमची परिचारिका निता बादली घेऊन धावत आली, आणि फाटक उघडले. दौलतराव किशनच्या मागे बसून गेले. जाताना ‘येतो वं रत्ना’ म्हणाले. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची मला सवय नाही, म्हणून स्पष्ट सांगते की फाटक मी उघडले, निताने नाही, आणि दौलतराव भटकत गेले नाहीत, सांगून गेले.

दुपारी टॅबवर दौलतरावांच्या नावापुढे लाल खूण आली. नाडी नाही, ठिकाण धनज. तीच खूण पुण्याला विकासच्या मोबाइलवर गेली. त्याने ११२ला फोन केला. मी निताच्या स्कूटीवर धनजला निघाले.

मोतीबाईंच्या घरी पोचले तेव्हा दौलतराव पाटावर बसून जेवत होते. पट्टा देव्हाऱ्याजवळ काढून ठेवला होता. पाय धुताना मोतीबाईंनीच तो काढायला सांगितला, कारण गोपीचंदांच्या हातात असे काही कधी नव्हते. पट्टा काढला म्हणून नाडी गेली आणि यंत्राने सुतावरून स्वर्ग गाठला. मी दारातच बसले. मोतीबाई समोर पदर धरून उभ्या होत्या. त्यांनी ताटावरच्या माणसाला विचारले, “बरे हा न तिकडं?” दौलतरावांनी मान वर न करता “बरा हाव. तुई काळजी करू नको,” असे उत्तर दिले. मोतीबाईंनी त्यांना आणखी चिंचवणी वाढली. मला तिथे रडू आले. जबाबात लिहायचे नसेल तर लिहू नये, पण आले.

तेवढ्यात आपले पोलीस शिपाई आले. ते तरुण आहेत, बाहेरच्या जिल्ह्यातले आहेत, त्यांचा दोष नाही. त्यांनी पाटासमोर उभे राहून आजोबांना नाव विचारले. दौलतरावांनी एकदा मोतीबाईंकडे पाहिले आणि “गोपीचंद” असे सांगितले. गाव विचारले, तर म्हणाले, वर. मी बोलायला गेले, तर शिपायांनी त्यांनाच बोलू द्या म्हणून मला गप्प केले आणि वयोवृद्ध इसमास स्वतःचे नाव सांगता येत नाही असे लिहून घेतले. भ्रमाचा पुरावा म्हणून सचिव आणि विकास जे दाखवतात, तो एवढाच आहे.

विकास काल सकाळी आला. रात्रभर गाडी चालवून आला होता. मी त्याला लहानपणापासून ओळखत नाही, पण पोरगा वाईट नाही. मी त्याला रीत सांगितली. तो म्हणाला, रीत त्याला माहीत आहे, लहानपणी तोच पितरांना पाणी द्यायचा. मग म्हणाला, “ताई, मी अर्धा तास बिनबापाचा होतो. पुन्हा नाही होणार. राहू द्या त्यांना आत.” तो घाबरला आहे, आणि घाबरलेल्या माणसाला कुलूप बरे वाटते.

सचिव मात्र घाबरलेले नाहीत. त्यांनी मला कार्यालयात बोलावून समजावले की दौलतराव भ्रमिष्ट ठरले तर चूक कोणाचीच नाही, आणि शुद्धीवर होते असे ठरले तर व्यवस्थापिकेने नोंदीशिवाय माणूस सोडला असा अर्थ होतो, म्हणजे ‘अ’ जाईल आणि माझी नोकरीही जाईल. पोलिसांना काय सांगायचे ते त्यांनी कागदावर लिहून दिले होते. तो कागद मी आणलेला नाही.

काल संध्याकाळी मी दौलतरावांना देखरेख कक्षात जेवण नेऊन दिले. खोली स्वच्छ आहे, पंखा आहे, कोपऱ्यात कॅमेरा आहे. ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी चिडून विचारले की पोलिसाला आपले नाव सांगायला काय झाले होते, एवढे सगळे टळले असते. ते म्हणाले, “तिनं तेव्हाच मले बरं हाय का म्हनून इचारलं होतं. तेवढ्यात दौलतराव सांगतलं असतं, तं तिचा माणूस अर्ध्या ताटावरून उठून गेला असता. पुरं जेवू द्याचं होतं त्याले.” मग मला म्हणाले की विकासवर राग धरू नको. त्यांनी पोळीचा एक तुकडा खाल्ला आणि ताट परत दिले.

जो माणूस दुसऱ्याच्या बायकोचे मन राखण्यासाठी पोलिसासमोर आपले नाव गिळतो, त्याची शुद्ध माझ्यापेक्षा आणि सचिवांपेक्षा चांगली आहे, असे माझे म्हणणे आहे. दौलतराव ढोके बुधवारी पूर्ण शुद्धीवर होते, आजही आहेत. ते स्वखुशीने, सांगून, आमंत्रण असलेल्या घरी जेवायला गेले होते. ‘अ’ जायचा असेल तर जावा. तो मीच मिळवला होता, गेला तर माझेच गेले. यंत्रात उणीव असेल तर ती दुरुस्त व्हावी, बाहेर जायची परवानगी ज्याची त्याच्याच मोबाइलवर यावी, असेही मी सांगते.

देखरेख कक्षाचे दार अंगठ्याने उघडते. सचिवांचा आणि माझा असे दोनच अंगठे त्यात घातलेले आहेत. माझा अजून काढलेला नाही, हे मी येताना पाहून आले आहे. इथून मी सरळ त्या दाराशी जाणार आहे. मागाहून कोणी चोरून उघडले म्हणू नये, म्हणून आधीच आपल्याकडे लिहून ठेवते.

वरील जबाब साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोलले तसाच उतरला आहे, त्यातले काही खोडायचे नाही. म्हणून खाली सही करते.

समक्ष
सही
रत्नमाला सुधाकर काळबांडे