दाराशी थांबलेला बैल

पोळ्याचं नाव काढलं म्हणून सांगतो. इंग्रजाच्या वेळी डोणगावात माय गोरक्षणातली, म्हणजे गोशाळेतली, बिनआईची वासरं घरी सांभाळे. मोठी झाली की गोरक्षणवाले ती शेतीसाठी कास्तकाराले देऊन टाकत. असाच एक गोऱ्हा तिनं बोटानं दूध चाटवून जगवला होता.

पुढं एका पोळ्याले तो सजून आमच्या दाराशी आला अन् हालेच ना. पोळ्याच्या दिवशी बैलाले मारत नाहीत, कास्तकार नुसता कासरा ओढे.

माय पुरणपोळी घेऊन दाराआडच उभी. मी म्हटलं, "भायेर ये ना, वाट पाहून राह्यला."

"मी दिसली तर तो जाईन का रे?"

शेवटी कास्तकारच म्हणाला, "बाई, तुमीच सांगा त्याले."

माय आतूनच बोलली, "जाय बाप्पा."

बैल निमूट निघाला.

माय हातातल्या पोळीकडं पाहत म्हणाली, "आज तरी ऐकायले नको होतं त्यानं."