तलावातली शिकवणी

तुम्हाला सांगतो, हसनाबादजवळच्या शाळेवर बदली झाली तेव्हा मी मुद्दाम तलावाच्या काठी खोली घेतली. इतकं पाणी रोज बघायला मिळणार, याचाच आनंद! पहिल्याच रविवारी शेवाळावरून पाय घसरला आणि मी खोल पाण्यात गेलो.

काठावर गोधड्या धूत बसलेल्या एका मावशींनी ओल्या गोधडीचं टोक माझ्याकडं फेकलं. "सर, बराबर धरा, सोडू नका!" म्हणत त्यांनी मला ओढून बाहेर काढलं. मी हात जोडले.

"पोहता येत न्हाई, मंग पाण्याजवळ कशाला आल्ते?"

"बघायला."

"मंग उद्यापासून शिका. तुमच्या तिसरीतली माझी नात शिकवील."

तिनं खरंच शिकवलं. आता वर्गात ती मला सर म्हणते, अन् तलावात मी तिला बाई म्हणतो.