ओल्या बोळातली पंगत

टाळकरी मंडळी, टाळ जरा मांडीवर घ्या. मृदंगालाही दम खाऊ द्या. आता आख्यान. आणि आख्यानाआधी एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, पोटात ठेवा. दुसऱ्याचं दुखणं मला कळलं, असं माणसानं कधी म्हणावं?

विचारल्यावर? डोळ्यांनी पाहिल्यावर? त्याच्या जागी जाऊन उभं राहिल्यावर? पुढं बसलेले काका मान डोलावतायत – उभं राहिल्यावर! काका, थांबा. फसाल.

मंडळी, ऐका! समुद्रकाठी एक कारखाना. गावाचं नाव विचारू नका, मी सांगायचो नाही. कोळंबी सोलायचा कारखाना. बोटींवरून माल येतो तो बर्फातच येतो, आणि बाया दिवसभर उभ्यानं सोलतात. हात बर्फाच्या पाण्यात! आपल्याला अंघोळीला पाणी जरा कोमट मिळालं तर आपण घर डोक्यावर घेतो. घेतो की नाही? हसा, हसून घ्या. पुढं हसायला फारसं नाही.

तर तिथं वृंदा नावाची बाई अधिकारी म्हणून आली. कामगारांचं सुखदुःख बघणं हे तिचं काम. तरुण होती, शिकलेली होती, आणि मनानं – हे मुद्दाम सांगतो – फार चांगली होती. आख्यान म्हटलं की आपण दुष्ट माणूस शोधायला लागतो. इथं तो सापडायचा नाही.

बाया कामावर टिकत नव्हत्या. बोटं सुजायची, कंबर धरायची, महिन्या-दोन महिन्यांत बाई घरी बसायची. वृंदानं मनाशी घेतलं, हे मी बदलणार. तिनं एक विद्या शिकलेली होती. डिझाइन थिंकिंग! नाव ऐकून घाबरू नका, गोष्ट साधी आहे. ज्याच्यासाठी करायचं त्याच्या जागी आधी जाऊन उभं राहा. दुखतंय कुठं ते नीट ठरवा. सुचेल ते सगळं मांडा. मग एकदम पक्कं बांधू नका, कच्चं करून वापरून बघा, चुकलं तर बदला. सांगा, वाईट आहे काही यात? उत्तम विद्या आहे!

आणि तिनं ती मनापासून केली. पायात गमबूट चढवले, डोक्याला टोपी बांधली आणि सकाळी बायांच्या रांगेत जाऊन उभी राहिली. रांगेत सगळ्यांत जुनी होती चंद्रभागा तांडेल. अख्खा कारखाना तिला चंदाकाकी म्हणायचा. काकी म्हणाली, "पोरी, तू हितं खिडकीपाशी ये. हितं जरा ऊन येतं." कुणी पायाखाली कोरडं पोतं घातलं. कुणी मधूनच हातावर गरम पाणी ओतलं. का? पाहुणी आली ना! आपल्याकडं पाहुण्याला फाटकी सतरंजी देतात का? ठेवणीतली काढतात. ती आली होती त्यांचं दुःख अनुभवायला, आणि त्यांनी काय केलं – आपल्या दुःखातली सगळ्यांत बरी जागा तिला दिली!

दुपार झाली. सुपरवायझर मयेकर आले. "मॅडम, तुमचं जेवण वर लावलंय." वृंदा वर निघाली. जाताना वाटेत एक बोळ होता, ओला, अंधारा. कोल्ड रूमच्या दारासमोरचा. कोल्ड रूम म्हणजे माल गोठवायची खोली. त्या बोळात, ओल्या फरशीवर, बाया डबे सोडून पंगतीनं बसलेल्या! वृंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. अरेरे, या बायांना बसून घास खायला जागाही नाही! आणि ती वर गेली, जेवायला.

इथं बोट ठेवा मंडळी. मी पुन्हा येणार आहे इथं.

पुढं तिनं सगळ्यांना विचारलं, "तुम्हाला त्रास कशाचा होतो?" बायांनी सांगितलं. हात बधिर होतात. पाणी फार गार. उभं राहून कंबर जाते. सगळं खरं. वृंदानं शेठशी भांडून हात शेकायला गरम पाण्याच्या टाक्या बसवून घेतल्या. पहिल्या दिवशी त्यात हात बुडवून बाया रडल्या हो! टेकायला उंच स्टुलं आली. आणि मग तिच्या जिवाचा विसावा – जेवणाची खोली. आधी जुनी बाकडी मांडून बायांना बसवून पाहिलं. काय हवं, काय नको? उजेड हवा, वारा हवा, जुनी गाणी हवीत. सगळं दिलं! पिवळ्या भिंती, खुर्च्या, कोपऱ्यात गाणी.

खोली झाली, तरी सुगंधा नावाची एक बाई बोळातच डबा घेऊन बसली. वृंदा तिच्याजवळ गेली. "अगं, इथं का एकटी? चल आत."

"नाय मॅडम, मी हितं बरी हाय."

वृंदाला वाटलं, लाजते. तिनं प्रेमानं सुगंधाचा हात धरला आणि तिला खोलीत नेऊन खुर्चीवर बसवलं. दुसऱ्या दिवशी दुसरी कुणी बसली, तिलाही तसंच नेलं. मग कुणी बसेना. बोळ मोकळा झाला. वृंदाला केवढं समाधान!

त्यानंतर एके दिवशी माल उशिरा आला. जेवायची वेळ टळली, तरी थोडे ट्रे कोल्ड रूममध्ये ठेवायचे राहिले होते. काकी म्हणाली, "तुम्ही व्हा फुडं. मी आलेच." बाया गेल्या. डबे उघडले. कुणाच्या तरी घरून गोडाचं आलेलं, वाटावाटी चाललेली, गाणं लागलेलं. आपली खोली भरलेली बघायला वृंदा दारात येऊन उभी राहिली. एक सोडून सगळ्या खुर्च्या भरलेल्या. त्या रिकाम्या खुर्चीसमोर नुसता डबा, झाकण न काढलेला.

"चंदाकाकी कुठंयत?" तिनं सहज विचारलं.

सुगंधाच्या हातातला घास खाली पडला. ती पळाली. मागोमाग सगळ्या पळाल्या, खुर्च्या उलट्या पडल्या. एका क्षणात सगळ्यांना कळलं, काय झालंय ते. कळलं नाही एकट्या वृंदाला. ती त्या पिवळ्या खोलीत उभी. आणि गाणं चालू.

कोल्ड रूमचं दार आतून उघडत नव्हतं! कैक दिवस आतली कडी मोडलेली. मयेकरांनी वर सांगितलेलं, वरचे विसरलेले, मयेकरही विसरले. बाया विसरल्या नव्हत्या. म्हणून तर त्या बोळात जेवायच्या! ट्रे ठेवायला गेलेली कुणी आत अडकली, दार वाजवलं, की बाहेरची उठून उघडायची. जेवणाची खोली झाल्यापासून, दार मिटू नये म्हणून, त्याला रिकामा क्रेट लावून आत जायच्या. त्या दिवशी ओल्या फरशीवरून क्रेट सरकला. दार मिटलं. काकीनं ओल्या हातांनी दार वाजवलं. खूप वाजवलं असणार. बोळात ऐकायला कोण होतं? तिकडं तर गाणं लागलेलं.

काकी वाचली. बोटं वाचली नाहीत. दोन्ही हातांची गेली.

वृंदा दवाखान्यात गेली. खाटेजवळ बसली. हाताला हे एवढं बँडेज, त्याच्याकडं बघवेना. मग म्हणाली, "काकी, मी विचारलं होतं. त्रास कशाचा म्हणून विचारलं होतं. दाराचं का नाही सांगितलंत?"

काकीला प्रश्नच कळेना. म्हणाली, "दाराचा तरास कुठं होता गो बाय? आम्ही होतो ना थय."

ऐकलंत? आम्ही होतो ना तिथं! ज्या दुखण्यावर माणसांनीच आपला जीव आडवा घातलेला असतो, ते दुखणं म्हणून कुणी सांगत नाही. आणि वृंदानं नेमकं तेच औषध उचलून बाजूला ठेवलं, घाण म्हणून.

"मग सुगंधाला नेलं तेव्हा तरी?"

"तू येवढ्या हौसेनं केलंस. तुझं मन कसं मोडायचं?"

तेवढ्यात दवाखान्याचं ताट आलं. काकीनं सवयीनं हात उचलला, आणि तो तसाच खाली ठेवला. मग वृंदाकडं बघून म्हणाली, "तू जेवलीस काय गो?"

वृंदानं वरणभात कालवला. एक घास काकीला भरवला. काकी म्हणाली, तू पण खा. मग एक घास आपण खाल्ला, त्याच ताटातला, रडत रडत. काकीबरोबरचं तिचं ते पहिलं जेवण.

कडी? कडी एका दुपारीत बसली. तरीही बाया परत बोळातच बसायला लागल्या. पिवळ्या खोलीत कुणी जाईना. वृंदा एक दिवस आपला डबा घेऊन बोळात आली. सुगंधा उठली, आणि तिनं कोरडं पोतं वृंदासाठी पुढं सरकवलं. वृंदानं ते उचलून भिंतीला उभं केलं आणि ओल्या फरशीवर मांडी घातली.

देवानं काला केला तो असाच केला, मंडळी! सवंगड्यांच्या शिदोऱ्या झाडाखाली सोडायला लावल्या, आणि आपण त्यांच्यातच बसला. देव वर जेवायला गेला नाही.

आता सांगा माझ्या प्रश्नाचं उत्तर. नको, तोंडानं नको. कीर्तन संपलं की महाप्रसाद आहे. मंडपामागं सकाळपासून चुलीशी बसलेल्या बाया तुम्हाला दिसल्या, मलाही दिसल्या. "धूर लागतो का हो?" असं आपण विचारलंही असेल. दरवर्षी त्यांची पंगत शेवटी, अंधारात, भांड्यांच्या गराड्यात. माझं पान आज तिकडं मांडा. ज्याला यायचंय त्यानं यावं. पण एक करा, तिथं गेल्यावर तुमच्यासाठी कुणी उठेल आणि चांगली जागा देईल. ती घेऊ नका.

बोला, पांडुरंग हरी! उठा.