डोकं उत्तरेला

बिझनेस क्लासचं कौतुक मला सांगू नका, मीही जाऊन आलोय. मुलाने अमेरिकेहून तिकिटं पाठवली तेव्हा आमच्या कुवेंपुनगरात दिसेल त्याला थांबवून मीच सांगत होतो, सीट उघडली की पलंग होतो म्हणून.

झाला की पलंग! जरा डोळा लागला, तेवढ्यात बायकोने मला हलवलं. समोरच्या पडद्यावरच्या नकाशाकडे तिचं बोट. "अय्यो, विमान दक्षिणेला वळलंय हो! पाय पुढे, म्हणजे डोकं उत्तरेला. उठा आधी! असं मढ्याला निजवतात."

उरलेला प्रवास आम्ही दोघं त्या मऊ पलंगावर ताठ बसून काढला.

विमानतळावर मुलगा आमची तोंडं बघून वैतागला. "झोपला नाहीत, अप्पा? तेवढ्यासाठीच तर एवढं महागाचं तिकीट काढलं. उद्यापासून आम्ही दोघं ऑफिसला. बाळ तुमच्याकडे."

व्हिसा संपेपर्यंत बाळ आमच्याच मांडीवर होतं. मग परतीची तिकिटं आली. साध्या वर्गाची, शेवटची रांग, शौचालयाला लागून. मी मुलाकडे बघितलं.

"आता काय अप्पा, घरी जाऊन आरामच करायचाय ना?"

मी तोंड उघडणार, तर बायकोच म्हणाली, "बरं केलंस, पुट्टा. आडवं व्हायचंच नाही, तर डोकं कुठल्या दिशेला ते बघायला नको."